काळी पाचचा नाताळ

धनुर्मास लागला की बँडवाल्यांची ट्रंपेटं खुंटीला लागतात. तुळशीच्या लग्नापासून ज्यांना दोन घास धड खायला फुरसत मिळालेली नसते, ती मंडळी १६ डिसेंबरच्या आसपास दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसून तंबाखू मळताना दिसतात. सूर्य धनु राशीत शिरला की संक्रांतीपर्यंत मुहूर्त नाही. अलीकडे पंचांगवाले अडल्यानडल्यांसाठी दोन-चार तारखा काढून देतात, पण त्यानं घोडेवाल्याचं पोट भरत नाही आणि पंधरा माणसांच्या बँडचं तर नाहीच नाही. आता गंमत बघा. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलात कुठंही लिहिलेलं नाही. २५ डिसेंबर ही तारीख पुढं चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली. ती ठरवणाऱ्या धर्मपंडितांनी नगरच्या बँडवाल्यांचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण झालं ते त्यांच्या पथ्यावर पडलं एवढं खरं.

(जिल्ह्याचं नाव २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर आहे. आम्ही पूर्वीही बोलताना नुसतं नगर म्हणायचो, आताही नगरच म्हणतो, त्यामुळे आमची फारशी अडचण झालेली नाही.)

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बँड आणायचा विषय निघाला तो या रिकाम्या दिवसांमुळेच. वर्षानुवर्षं आमची कॅरलची फेरी पेटी, ढोलकी, खंजिरी आणि तरुण संघातल्या कुणाची तरी गिटार एवढ्यावर निघायची. तारकपूर, सर्जेपुरा, सावेडी, भिंगार असं करत डिसेंबरच्या रात्री घरोघर जायचं, दोन गीतं म्हणायची, पाळकसाहेबांनी किंवा एखाद्या वडिलांनी प्रार्थना करायची, घरच्यांनी करंज्या आणि चहा द्यायचा, डब्यात काहीतरी टाकायचं आणि पुढच्या दारी. पण सावेडीचे बंगले आता सोसायट्या झाले. तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून टीव्ही बघणाऱ्या माणसाला खाली ढोलकी वाजतेय की कुणी गालिचा झटकतंय, काय कळणार? तरुण संघाचं म्हणणं, बँड लावू. मंडळीतली लग्नं उन्हाळ्यात त्याच बँडवर होतात, गणपतीत तोच बँड माळीवाड्यात वाजतो, उरुसाच्या संदलमध्ये तोच वाजतो. नाताळानं काय घोडं मारलंय? शिवाय या दिवसांत मास्तर निम्म्या दरात येतात. निम्मा दर म्हटल्यावर पंचकमिटीचा विरोध मावळला. धर्मसंस्थांचे बरेच ठराव याच रीतीनं मंजूर होत आले आहेत.

कॅरल पार्टीत कामाची वाटणी सरळ असते. ज्याला गळा आहे तो गातो, ज्याला हात आहे तो वाजवतो, ज्याला पोट आहे तो सांताक्लॉज होतो. या तिन्हीतलं काहीच नसलेल्या माणसाकडं डबा येतो. डबा माझ्याकडं आहे. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकणाला करवतीनं पाडलेली चीर, कडीला पितळी कुलूप, भोवती लाल चकचकीत कागद. अलीकडे त्यावर क्यूआर कोडही चिकटवला आहे. त्याच्या जोडीचा बोलका स्पीकर तरुण संघातल्या एकानं पहिल्या वर्षी खिशात ठेवला होता. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, पाळकसाहेब शांतीच्या राजाविषयी बोलताहेत आणि खिशातून एक बाई ठणकावून सांगते, एकावन्न रुपये मिळाले. तेव्हापासून तो स्पीकर घरीच असतो.

बँड आला तो निळ्या कोटात, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. पुढं मास्तर स्वतः ट्रंपेटवर, मग दोन क्लॅरिनेटं, मागं भोंगे, साइड ड्रम, मोठा ढोल आणि झांजवाला एक पोरगा. मास्तरांना आम्ही आठ दिवस आधी गीतांच्या चाली मोबाइलवर पाठवल्या होत्या. बँडवाला नोटेशन वाचत नाही, पण एकदा ऐकलेली चाल तो विसरत नाही. चाल बसलेली होती. बसला नव्हता तो सूर.

याचं कारण समजून घेण्यात मी त्या नाताळाचा बराच वेळ घालवला, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. आमचे पेटीवाले सर निवृत्त गणिताचे शिक्षक. ते कायम पांढरी चार धरणार, कारण त्या पट्टीत पुरुषांचे गळे सुखानं फिरतात. मास्तरांचा ट्रंपेट जातीचा बी फ्लॅट. म्हणजे एकही चावी न दाबता त्यानं मोकळी फुंक मारली की जो सूर निघतो, तो पेटीवर काळी पाच. बँडचा सगळा संसार त्या काळी पाचभोवती. आडव्या पट्ट्या वाजवता येत नाहीत असं नाही, पण थंडीत, हातमोज्यांशिवाय, रात्री दहाला कोण वाजवणार? तेव्हा तडजोड काळी पाचवर झाली. बायका खूश. पुरुष मानेच्या शिरा ताणून ताणून पहिल्या दोन घरांतच बसले.

आणि इतकं होऊनही जुळेना. सर पेटीवर काळी पाच दाबतात, मास्तर ट्रंपेटवर तीच फुंकतात, आणि दोन्हींच्या मधोमध एक भलताच तिसरा सूर घोंघावत राहतो. सर म्हणाले, "मास्तर, तुम्ही उतरलात." मास्तर म्हणाले, "सर, पेटी चढलीय." दोघंही बरोबर होते. डिसेंबरात नगरचा पारा रात्री दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. ट्रंपेटचा सूर ठरतो नळीतल्या हवेवर, आणि थंड हवेत आवाजाचा वेग कमी. शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, २० अंशाला ३४३. मे महिन्याच्या वरातीत जो ट्रंपेट बिनचूक बोलतो, तोच डिसेंबरात पाव सुराच्या घरात खाली येऊ शकतो. पेटीचं तसं नाही. तिच्या पितळी पात्या थंडीनं उतरत नाहीत. झालंच तर केसभर चढतात. म्हणजे एक जण खाली चाललाय, दुसरी वर, आणि त्यांनी मिळून पृथ्वीवर शांती नांदो असं गायचंय. मास्तरांनी ट्रंपेटची सूर लावायची नळी पार आत सारली, तोंडपट्टी खिशात घालून गरम केली, दर घरानंतर खालची कळ दाबून साचलेलं पाणी रस्त्यावर शिंपडलं. (लोक त्याला थुंकी समजतात. ती बहुतेक फुंकेतली वाफ असते, थंड पितळेवर तिचं पाणी होतं.) फरक कमी झाला, गेला नाही.

गंमत म्हणजे हे ऐकू आलं ते फक्त सरांना, मास्तरांना आणि डबा हातात असल्यामुळे दुसरं काही काम नसलेल्या मला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या मात्र उघडल्या.

खिडकी उघडल्यावर माणसं काय करतात, याचा डबेवाल्याइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा नसेल. काही जण आणखी वाजवा म्हणून पैसे देतात, काही जण थांबवा म्हणून. डब्यात पडल्यावर दोन्ही नोटा एकाच किमतीच्या. एक गृहस्थ दरवर्षी पहिलं कडवं संपायच्या आत जिना उतरून येतात, शंभराची नोट चिरेत सरकवतात, "छान, छान" म्हणतात आणि आम्ही पुढच्या फाटकाकडं वळेपर्यंत तिथून हलत नाहीत. हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडातल्या शहरांत पूर्वी नगरपालिकेचे पगारी वादक असत, वेट्स म्हणत त्यांना. १८३५ च्या कायद्यानं ती पदं गेली. मग हौशे-नवशे नाताळच्या रात्री लोकांच्या घरांपुढं वाजवून पैसे मागू लागले आणि नाव तेच चालू राहिलं. डिकन्सनं १८४३ साली 'ख्रिसमस कॅरल' लिहिली, तिच्यातला कंजूष स्क्रूज तर कुलपाच्या भोकाशी तोंड लावून गाणाऱ्या पोरावर रूळ उगारतो. आमच्यावर अजून रूळ कुणी उगारलेला नाही. एकदा कुत्रं सोडलं होतं, पण मोठ्या ढोलाचा पहिला ठोका पडताच ते मालकाच्या आधी घरात गेलं.

मराठी उंबरठ्याला हे नवीन वाटत नाही, त्याचंही कारण आहे. गाऊन-वाजवून मागणाऱ्यांची इथं रांग लागलेली असायची. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा, पिंगळा यायचा, पोतराज, वाघ्या-मुरळी, नंदीबैलवाला. कुणी नुसता हात पसरला तर "पुढं जा" म्हणणारी बाई वासुदेवाला मात्र सूपभर धान्य घालायची. ती भीक नव्हती, दान होतं, आणि मधे चिपळ्या होत्या म्हणूनच ते दान होतं. मला वाटतं, मागणाऱ्याची मान आणि देणाऱ्याचा हात या दोन्हींचं अवघडलेपण वाद्य घालवतं. देणारा वाद्याकडं बघतो, घेणारा वाद्यामागं उभा राहतो, डोळ्याला डोळा भिडवायची वेळच येत नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरांकडं ही सोय नसते; म्हणून तिथं "मागच्या वर्षी किती दिले होते?" हा संवाद होतो आणि कुणीच सुखी होत नाही.

ट्रंपेटचा आणि धर्माचा संबंध जोडण्याचं श्रेय मात्र मुक्तिफौजेला, म्हणजे साल्व्हेशन आर्मीला, द्यावं लागतं. तिथंही सुरुवात भक्तीतून झाली नाही, मारामारीतून झाली. १८७८ साली इंग्लंडातल्या सॉल्सबरी गावात फौजेच्या रस्त्यावरच्या सभांवर गुंड दगडफेक करत. चार्ल्स फ्राय नावाचा तिथला एक बांधकाम कंत्राटदार आपल्या तीन धट्ट्याकट्ट्या मुलांना घेऊन उपदेशकांच्या रक्षणाला उभा राहायला लागला. चौघं वाजवणारे होते, येताना वाद्यंही आणली. गुंड आवरले की नाही ठाऊक नाही, पण बँडच्या आवाजानं गर्दी जमते हे फौजेच्या लक्षात आलं आणि ब्रास बँड त्यांच्या अंगवळणी पडला.

चारच वर्षांनी, १९ सप्टेंबर १८८२ रोजी, ही फौज मुंबई बंदरात उतरली. फौज येतेय म्हणून पोलीस बंदोबस्त लावून सज्ज होते आणि जहाजातून उतरली चार माणसं, त्यांतही एक बाई. बाकीचे कधी येणार असं पोलिसांनी विचारलं, अशी गोष्ट फौजेत अजून सांगतात. पुढारी फ्रेडरिक टकर. पंजाबातली आयसीएसची नोकरी सोडून आलेला हा साहेब भगवे कपडे घालून, अनवाणी, फकीरसिंग नाव घेऊन हिंडायचा आणि भिक्षा मागून जेवायचा. मुंबईच्या रस्त्यांवर वाजतगाजत मिरवणुका काढू नका म्हणून सरकारनं बजावलं, यांनी काढल्या, आणि टकरला महिनाभर तुरुंगाची हवा खावी लागली. सरकारचं म्हणणं, दंगा होईल. तिकडं कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्याची बाजू घेतली. गोऱ्या सरकारनं गोऱ्या माणसाला ख्रिस्ती गाणी वाजवल्याबद्दल आत टाकलं आणि त्याची कड घेतली एका ब्राह्मो पुढाऱ्यानं, हा प्रसंग मला फार आवडतो.

पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज द्यायला गेलो की मला टकरची आठवण होते. आमचं तुरुंगापर्यंत जात नाही, अर्जाशीच अडतं. कार्यक्रमाचं स्वरूप काय लिहू? मोर्चा नाही, वरात नाही, विसर्जन नाही. हवालदारसाहेबांनी शेवटी विचारलं, "नवरदेव असतोय का यात?" नसतो म्हटल्यावर त्यांनी 'इतर'वर खूण केली. रात्री दहानंतर वाद्यं बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, त्यांत नाताळ बहुधा असतो. पण आमची फेरी आधीच्या आठवड्यातली, त्यामुळे दहाला पाच कमी असताना मास्तर घड्याळ दाखवतात आणि शेवटच्या सोसायटीला नुसती पेटी ऐकून घ्यावी लागते.

डब्याच्या पूर्वजाचं नावही सांगून टाकतो. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत मुक्तिफौजेच्या जोसेफ मॅक्फी याला गरिबांना नाताळचं जेवण घालायचं होतं आणि जवळ पैसे नव्हते. त्यानं धक्क्यावर खेकडे उकडायचं एक पातेलं तिकाटण्याला टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हटलं, हे उकळतं राहू द्या. ते पातेलं पुढं जगभर गेलं. जपानात तर शेगडीवर टांगल्यागत तीन काठ्यांना लटकवलेलं ते दानपातेलं आणि त्यामागचा बँड इतका रुळला, की हायकू लिहिणाऱ्यांच्या ऋतुशब्दांच्या यादीत, थंडीच्या खात्यात, त्याची नोंद आहे. आमच्या डब्यावर अजून कुणी कविता केलेली नाही. आमच्याकडं फौजेची ओळख बँडपेक्षा दवाखान्यानं जास्त. संस्थापक विल्यम बूथ यांची कन्या इव्हँजेलीन, जी पुढं स्वतः फौजेची जनरल झाली, तिच्या नावाचं बूथ हॉस्पिटल नगरकरांनी २०२० च्या करोनात फार जवळून पाहिलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बँड आमच्या आत्याच्या दारात गेला.

आत्या मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिनं दार उघडलं, निळे कोट पाहिले, ढोल पाहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्यानं गळ्यातली हलगी खाली ठिवली, तवा कुठं मी मास्तरीण झाले. तुम्ही पुन्हा अडकवली का?" शाळेत चाळीस वर्षं शुद्ध मराठी बोललेली आत्या रागावली की नेवाशाच्या बोलीत जाते.

तिचं म्हणणं हवेतलं नव्हतं. अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली, आणि पुढं वडाळा, राहुरीकडच्या गावांतून जी माणसं ख्रिस्ती झाली, त्यांत गावगाड्याच्या तळातली फार. मातंग घरांना गावाची वाजंत्री बलुत्यात आलेली. लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणं आलं की हलगी शेकून जायचं. नाही म्हणायची सोय नाही, मोबदला शिळी भाकर आणि खळ्यावरचं पसाभर धान्य. दारात वाजवायचं, आत यायचं नाही. अशा घरांतल्या पहिल्या पिढीला हलगी नकोशी झाली असेल तर त्यात नवल काय? वाद्याशी भांडण नव्हतं, बोलावण्याशी होतं.

पण संगीत कुठं सुटतंय? ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ताहाराबादला महिपतीनं संतचरित्रं लिहिली, तिथल्या माणसाला ऑर्गनवरच्या परदेशी चालींत देव किती दिवस भेटणार? १८६० च्या दशकात नगरच्याच ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उपासनेत आणलं. कृष्णराव सांगळ्यांचं नाव त्यात पहिलं घेतात. पुढं १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ना. वा. टिळक नगरला आले आणि त्यांनी अभंग, भजनं, पदं अशी काही लिहिली की 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं आणि टिळक लागले नाहीत असं होत नाही. टिळकांच्या हाती माझा डबा दिला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही उत्तर माहीत आहे: डबा अर्ध्या रस्त्यात पहिल्या गरजवंताच्या पदरात रिकामा झाला असता, आणि हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना द्यावा लागला असता.

या सगळ्या परंपरेच्या शेजारी आमची पोरं घंटा वाजवत घसरगाडीचं ते अमेरिकन गाणं म्हणतात, ज्यात नाताळाचा शब्दसुद्धा नाही. जेम्स पियरपाँटनं १८५७ साली ते छापलं ते बर्फातल्या घोडागाडीच्या शर्यतीवर. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात, जिथं पाऊस वेळेवर आला तरी पेढे वाटावेसे वाटतात, तिथं आम्ही दर डिसेंबरात बर्फाचं कौतुक गातो. बँडवाल्यांना मात्र सगळ्यात आधी तेच बसलं. ध्रुवपदाचं पाच सुरांत काम भागतं.

तर आत्या दारात, आणि आम्ही सगळे जमिनीकडं बघतोय. मास्तर पुढं झाले, टोपी काढली आणि म्हणाले, "मावशी, गाव कोणतं?" आत्यानं सांगितलं. "वाड्याच्या अंगाला का वढ्याच्या?" मग दहा मिनिटं ओढ्याच्या अंगाची घरं मोजली गेली. मास्तरांच्या चुलत आजीचं माहेर आणि आत्याच्या आजोबांचं घर यांत एक चिंचेचं झाड आणि एक भिंत, एवढंच अंतर निघालं. त्या भिंतीच्या एका बाजूची माणसं देवळात जात राहिली, एका बाजूची चर्चात. आत्यानं सगळ्या पंधरा जणांना आत बोलावलं. सोफ्यावर जागा संपली तेव्हा मोठा ढोल दिवाणावर ठेवून वाजवणारा खाली बसला. आत्यानं त्याला उठवून ढोल खाली ठेवायला लावला. चहा झाला, करंज्या झाल्या, मग ती म्हणाली, "आता वाजवा. पण माझ्या आवडीचं." तिची आवड टिळकांच्या पदाची निघाली. मास्तरांना ते येत नव्हतं. आत्यानं गाऊन दाखवलं, दुसऱ्या वेळेला क्लॅरिनेटनं उचललं. तिनं डब्यात काही टाकलं नाही. "घरच्या माणसांकडनं घेत असतात का?" म्हणाली. खजिनदार या नात्यानं मला यावर बरंच बोलता आलं असतं.

खजिनदारीतला खरा पेच निराळाच होता. भिंगारमध्ये एका आजोबांनी नातवाला उचलून दारात आणलं, वीसची नोट त्याच्या डोक्यावरून ओवाळली आणि डब्याकडं ढुंकूनही न बघता मास्तरांच्या ट्रंपेटच्या कर्ण्यात खोचली. वरातीतली रीतच ती. ओवाळलेली नोट बँडची, त्यात यजमानाचाही हक्क नाही. बघता बघता शेजारच्या गॅलऱ्यांतून लोक पोरं घेऊन खाली यायला लागले. डबा रिकामा, कर्णा भरलेला. आता ही रक्कम कुणाची? तरुण संघ म्हणे, कॅरलमुळे आली म्हणजे मंडळीची. मास्तर म्हणे, निम्म्या दरात आलोय ते याच हिशेबावर. पाळकसाहेबांनी कैसराचं कैसराला द्या म्हणून विषय मिटवला, आणि जानेवारीच्या सभेत रीतसर ठराव झाला: ओवाळलेल्या नोटा बँडच्या, डब्यात टाकलेल्या मंडळीच्या. त्यानंतर आमच्या सांताक्लॉजला एक जादा काम लागलं. नोट ओवाळायच्या आत माणसाला डब्याकडं वळवायचं.

जमलेल्या पैशांची आम्ही घोंगड्या-ब्लँकेटं घेतो आणि ऊसतोड कामगारांच्या तळावर वाटतो. हा जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन सहकारी कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तिथं गाळप सुरू झालं, तेव्हापासून कारखाने वाढतच गेले. दिवाळी झाली की बीडकडून, आणि आमच्याच पाथर्डीकडूनही, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं येतात, पाचटाच्या कोप्या घालतात आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यातच राहतात. नाताळ त्यांच्यासाठी गाळपाचा ऐन हंगाम.

वाटपाच्या रात्री बँडचा टेंपो तळावर पोचला तेव्हा कोप्यांपुढं शेकोट्या पेटलेल्या. तिथं आम्ही द्यायला गेलेलो, घ्यायला नाही, म्हणून डबा मी मुद्दाम टेंपोतच ठेवला. ब्लँकेटं वाटून झाली. बँडवाले शेकोटीभोवती बसले, मास्तरांनी सवयीनं ट्रंपेट जाळाशी धरला, कुणी हलगी शेकावी तसा. मग आमच्या पोरांनी गीत सुरू केलं, सरांनी पेटी उघडली, मास्तरांनी फुंक मारली आणि सर चमकून वर बघायला लागले. नळीतली हवा तापलेली. काळी पाच काळी पाचला मिळाली. आठवडाभरात पहिल्यांदा. सरांनी त्या आनंदात एक ध्रुवपद चारदा घेतलं.

ते संपल्यावर मुकादम उठला. म्हणाला, "वाजवून घेतलं, मग फुकट कसं?" आम्ही समजावलं की हे द्यायचंच होतं, यात घेणं नाही. तो ऐकेना. ब्लँकेटं ती वेगळी, वाजवणं वेगळं. दारात वाजलं की दारानं द्यावं लागतं. डबा टेंपोत, टेंपोची किल्ली ड्रायव्हरकडं आणि ड्रायव्हर कुणाच्या तरी कोपीपुढं भाकरी खात बसलेला. शेवटी सांताक्लॉजची टोपी फिरवली. कोप्याकोप्यांतून सुटे पैसे आले, दोन-चार नोटा आल्या, एका पोरानं गुळाचा खडा टाकला. मग एकानं दहाची नोट काढून ओवाळली आणि मास्तरांना फिल्मी गाण्याची फर्माईश केली. मास्तरांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेब टेंपोचा टायर तपासायला गेले.

हिशेब तपासायला आमच्याकडं बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. फेब्रुवारीत त्यांनी वही पुढं ओढली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वाटपाच्या पानावर जमा कशी?"

"मिळाली."

"कुणाकडून?"

"ज्यांना वाटलं त्यांच्याकडून."

"पावती?"

नव्हती. त्यांनी बराच वेळ विचार केला, 'किरकोळ' असं लिहिलं, गुळाच्या खड्याचं काय झालं ते विचारलं (सर तो खाऊन बसले होते), आणि खाली लाल शाईनं शेरा मारला: पुढील वर्षी वाटपाच्या ठिकाणीही पावतीपुस्तक सोबत न्यावे. सभेत हा ठराव मंजूर झाला. सूचक पेटीवाले सर, अनुमोदक आत्या.